आधी कंकण, मग भोक!

वाद्यावर नक्षी हवी की नको, यावर घरोघरी दोन पक्ष असतात. एक म्हणतो, सूर गोड असला म्हणजे झाले. दुसरा म्हणतो, चारचौघांत मिरवायची वस्तू देखणी नको का? आमची ताई पहिल्या पक्षाची. ती नागपुरास बेसा भागात राहते आणि तिच्या फ्लॅटच्या गॅलरीत सध्या माझा भाचा स्वतःच्या हातांनी गिटार घडवीत आहे.

“काय बाप्पा, एवढी महागाची फळी आणि हा तिच्यावर पटाशी चालवणार! नक्षीने का गाणे गोड होते?” ताईने मलाच पंच नेमले.

तिची धास्ती अनाठायी नव्हती. गिटारचा जीव असतो तो वरच्या फळीत. स्पेनचा थोर कारागीर आंतोनियो दे तोरेस याने १८६२ साली एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. वरची फळी तेवढी लाकडाची ठेवली. सुराची मदार या फळीवर आहे, हे त्याला दाखवून द्यायचे होते. ही फळी बहुधा स्प्रूसची, म्हणजे आपल्या देवदाराच्या कुळातली. जाडी जेमतेम ३ मिलिमीटर. त्यात दीड मिलिमीटर खोल चर खोदायचा! हात घसरला की फळी फुकट.

भोकाभोवतीच्या या कंकणाला ‘रोझेट’ म्हणतात. तारांच्या गिटारचे भोक सुमारे १० सेंटीमीटरचे असते. मला वाटले होते, आधी ते पाडायचे आणि मग त्याचा काठ सजवायचा. भाचा हसला. “मामा, भोक पाडल्यावर मधला बिंदूच गळून पडेल. मग वर्तुळ काढू कशाभोवती?”

मुद्दा बिनतोड होता. फळीच्या मधल्या सांध्यावर बिंदू धरून तिथे खिळी रोवायची. तिच्याभोवती पाते फिरवून दोन वर्तुळे कापायची आणि मधले लाकूड पटाशीने हलकेच काढायचे. खोली आधी टाकाऊ तुकड्यावर अजमावायची. कंकण सरसाने असे बसवायचे की ते किंचित वर राहील. वाळल्यावर ते पोलादी पत्र्याने खरवडून फळीशी सपाट करायचे. कंकणाचा जोड येतो मानेच्या बाजूला, पुढे बोटपट्टीखाली झाकला जाईल अशा जागी. हे सारे झाल्यावर त्याच बिंदूवरून भोक कापायचे.

हवाही पाहावी लागते. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेला की, आकसते. दमट दिवसांत चिकटवलेली फळी उन्हाळ्यात तडकण्याची भीती! भोकाच्या काठाशी चीर धावू नये, याला कंकणाचा थोडा हातभार लागतो. खरा आधार मात्र आतून चिकटवलेल्या पट्ट्यांचा. तेव्हा ताईचे अर्धे म्हणणे खरे: नक्षीने सूर गोड होत नाही. पण जो हात दीड मिलिमीटरचा चर नेमका खोदतो, तोच हात आतल्या पट्ट्याही नेमक्या बसवतो.

आपल्या मिरजेला हे केव्हाच ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारे सोडून सतारी-तंबोरे हाती घेतले. भोपळे येतात मंगळवेढा-पंढरपूरकडून. तंबोऱ्यावर पूर्वी हस्तिदंताची नक्षी जडवीत. १९८६ आणि १९९१ च्या कायदादुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. आता त्या जागी सेल्युलॉइड किंवा प्लास्टिक येते. वस्तू बदलली, हात तोच राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव राखले जाईल. पण हात राखायचा, तर कारागिराच्या मुलाला या कामावर घर चालवता आले पाहिजे.

म्हणून वाचकहो, घरात वाद्य घेताना किंमत जरूर विचारा. पण त्याआधी नक्षीच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला फट लागली नाही, तर कारागिराशी घासाघीस करू नका. आणि घरातल्या मुलाने पटाशी मागितली, तर ती द्या. मात्र पहिला चर टाकाऊ तुकड्यावर, ही अट घालून!