सही तुमची, तर वाचनही तुमचंच



लग्नाच्या पंगतीत, भिशीत, अगदी मंदिराच्या पायऱ्यांवरही सध्या एक विषय हमखास निघतो: बँकेच्या लिलावात घर स्वस्त मिळतं. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "काकींच्या नावावर घेऊ, मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचेल." महाराष्ट्रात एकट्या बाईच्या नावावर राहतं घर घेतलं की ही सवलत आहे, हे खरं. पण काकींच्या हातात लिलावाची नोटीस कोणी देतं का? सही कुठे करायची, तेवढं बोट ठेवून दाखवतात. माझं भांडण त्या बोटाशी आहे.

चाळीस वर्षांपूर्वी बी.कॉम. झाले, त्यानंतर घरखर्चाची वहीच लिहिली. पण त्या वहीचं गणित इथे पुरतं. समजा, घराची राखीव किंमत ४० लाख आहे. बोली लावण्याआधी साधारण १० टक्के, म्हणजे ४ लाख अनामत भरायची. बोली ४४ लाखांवर तुमच्या नावे सुटली, की त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी २५ टक्के पुरे करायचे. म्हणजे ११ लाख. अनामत वजा जाता आणखी ७ लाख, एका रात्रीत. हे ७ लाख कुठून येतात? तुमच्या पाटल्या-तोड्यांतून, हे मी सांगायला नको.

उरलेले ३३ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तरी जास्तीत जास्त तीन महिने. "कर्ज काढू की," असं म्हणणाऱ्याला विचारा, ते मंजूर झालंय का? पैसे वेळेत भरले नाहीत तर ते ११ लाख जप्त होतात आणि घर पुन्हा लिलावात जातं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी संपूर्ण २५ टक्के रक्कम जप्त करणं कायदेशीर ठरवलं. बँकेचं खरंच तेवढं नुकसान झालं का, हा प्रश्नही तिथे चालला नाही.

"बँकेचं आहे, म्हणजे निर्धोक," हे दुसरं पालुपद. बँक त्या घराची मालकीण नसते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ती थकलेलं कर्ज वसूल करते आणि घर 'जसे आहे जेथे आहे' या अटीवर विकते. सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, विजेचं बिल, कोर्टातला वाद, सगळं बहुतेक नोटिशींत खरेदीदाराच्या माथी मारलेलं असतं. भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून पाहतो. मग इथे सोसायटीच्या सेक्रेटरींना एक प्रश्न विचारायला संकोच कसला? वकिलाकडून मालकीहक्काचा शोधही बोलीच्या आधी घ्यायचा. नंतर घेऊन काय उपयोग?

आता नोटिशीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द: ताबा. 'प्रत्यक्ष ताबा' म्हणजे कुलूप बँकेकडे. 'सांकेतिक ताबा' म्हणजे दारावर कागद चिकटवलाय, आत माणसं राहतायत. त्यांना बाहेर काढायला जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. इकडे कर्जदार ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागू शकतो. या सगळ्यात तुमचे ४४ लाख अडकलेले.

आपल्यातल्या काही ज्येष्ठ बायका म्हणतात, लिलावाचं घर घेऊच नये, कुणाची तरी हाय लागते. मला हे सरसकट पटत नाही. बँकेत ठेवी तुमच्या-माझ्याच असतात, त्या परत यायला हव्यात. योग्य किंमत आली तर कर्जदाराचं देणं फिटतं आणि वसुली व खर्च भागून काही उरलं तर ते हक्कदाराला परत द्यावं लागतं. हा व्यवहार अचौर्यात बसतो. पण आत म्हातारी माणसं, शाळेत जाणारी मुलं आहेत हे माहीत असून, "नंतर पोलिसांकरवी काढू," असं म्हणत बोली लावायची आणि संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसायचं, हे माझ्या अहिंसेत बसत नाही. म्हणून माझ्या घरी नियम आहे: प्रत्यक्ष ताबा नसेल तर बोली नाही. यात धर्मही सांभाळला जातो आणि पैसाही.

"बायकांना यातलं काय कळतं?" असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा, नोटीस मराठी वर्तमानपत्रातही छापून येते आणि मला मराठी वाचता येतं. मग चार गोष्टी मागा: पूर्ण नोटीस, वकिलाचा लेखी अभिप्राय, सोसायटीच्या थकबाकीचा आकडा आणि कर्जमंजुरीचं पत्र. घर आतून पाहण्याची तारीख नोटिशीत दिलेली असते. त्या दिवशी स्वतः जा. १ टक्क्याची सवलत विक्री प्रमाणपत्राला कशी लागू होते, तेही दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच विचारा, कारण तुमचं नाव पुढे करण्याचं कारणच ते आहे.

हे कागद हातात येईपर्यंत पेनाचं टोपण काढू नका. रुसवे-फुगवे होतील, दोन दिवस. तोडे गेले तर ते परत येत नाहीत.