तालुक्याच्या रुग्णालयातले ताट आणि ॲड्रेनालिनची कुपी

अन्नाच्या ॲलर्जीची दखल पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांनी घ्यावी, शिरूर किंवा दौंडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी तिच्यासाठी वेगळी तजवीज करण्याचे कारण नाही, हा पक्ष उघडपणे क्वचितच मांडला जातो, पण व्यवहारात तो सर्रास गृहीत धरलेला असतो. तो निव्वळ अज्ञानातून आलेला नाही. त्याच्यामागे आकडे आहेत, गर्दीचा अनुभव आहे आणि अपुऱ्या मनुष्यबळाची खरी अडचण आहे, आणि म्हणूनच तो हसण्यावारी न नेता त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडून मगच तपासणे न्याय्य ठरेल.

प्रथम संज्ञांविषयी. अन्नातील एरवी निरुपद्रवी असलेल्या प्रथिनाविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा उठाव करते, त्याला अन्नाची ॲलर्जी म्हणतात. तिच्या तातडीच्या प्रकारात ‘आयजीई’ वर्गाची प्रतिपिंडे भाग घेतात आणि पदार्थ पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर गांधी उठणे, ओठ व पापण्या सुजणे, उलट्या होणे, आवाज बसणे किंवा दम लागणे अशी लक्षणे दिसतात. दूध प्यायल्यावर पोट फुगणे हे पुष्कळदा दुधातील लॅक्टोज ही साखर न पचल्याने घडते. ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीचे सर्वांत उग्र रूप म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, ज्यात श्वासमार्ग, रक्ताभिसरण किंवा दोन्ही ढासळू लागतात; शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी १९०२ साली या अवस्थेचे वर्णन करून तिला हे नाव दिले आणि त्या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सव्वाशे वर्षांची ही ओळख असूनही भरतीच्या कागदावरील ‘ॲलर्जी’ या रकान्यात आजही बहुधा फक्त औषधांचीच नोंद होते.

पूर्वपक्षाचे सर्वांत वजनदार प्रमाण संख्येचे आहे. कर्नाटकात झालेल्या ‘युरोप्रिव्हॉल-इन्को’ या पाहणीच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २६.५ टक्के प्रौढांच्या रक्तात किमान एका अन्नपदार्थाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, परंतु लक्षणांसह संभाव्य ॲलर्जी ठरली ती अवघ्या १.२ टक्क्यांत, त्याच प्रकल्पातील शाळकरी मुलांत तर हे प्रमाण ०.१४ टक्के इतके अल्प निघाले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हे आकडे लहान आहेत, हे मान्यच करावे लागते. मात्र त्यांतून निघणारा निष्कर्ष पूर्वपक्ष समजतो तो नाही. सव्वीस आणि सव्वा यांमधील ही दरी सांगते ते एवढेच, की रक्ताचा अहवाल म्हणजे निदान नव्हे आणि नीट विचारून घेतलेल्या पूर्वेतिहासाला पर्याय नाही. आधीच कुपोषित असलेल्या मुलाचे दूध व अंडे केवळ अहवालावरून तोडणे हाही अपायच आहे. उरला विरळपणाचा मुद्दा. सर्पदंशावरील प्रतिविष कपाटात ठेवताना तालुक्यातील सर्पदंशांची टक्केवारी कोणी विचारत नाही, कारण तिथे कसोटी संख्येची नसून उपचार हाताशी नसल्यास काय घडेल याची असते, आणि तीच कसोटी इथेही लावली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे: तालुक्याच्या रुग्णालयात रुग्णाचा डबा घरून येतो, घरच्यांना त्याचे पथ्यपाणी ठाऊक असते, मग रुग्णालयाने त्यात का पडावे? या म्हणण्यात दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे अनेकांचा डबा येतच नाही. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत परप्रांतातून आलेला कामगार, गळीत हंगामात फडावर राहणारे ऊसतोड कुटुंब, पुणे–सोलापूर महामार्गावरील अपघातातून बेशुद्ध स्थितीत आणलेला चालक, दौंड जंक्शनवर गाडीतून उतरवून घेतलेला आजारी प्रवासी, यांच्यासाठी रुग्णालयाचे ताट हेच एकमेव ताट असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रीला साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंत मोफत आहार मिळतो. म्हणजे अन्न देण्याची जबाबदारी शासनाने स्वतःहून पत्करलेली आहे, आणि जो अन्न देतो त्याला त्या अन्नात काय आहे हे सांगता आलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी, की घरच्या डब्यातही अन्नघटक लपलेले असतात आणि ते आणणाऱ्याला रुग्णाची ॲलर्जी दर वेळी ठाऊक असतेच असे नाही. या भागातील स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट हा इतका सार्वत्रिक आहे की तो घातल्याची नोंद मनात राहत नाही. वांग्याच्या भाजीत, काकडीच्या कोशिंबिरीत, उपवासाच्या साबुदाणा खिचडीत तो असतोच, शिवाय भाकरीबरोबर तिळाची किंवा जवसाची चटणी येते आणि बाळंतिणीसाठी शेजारून येणाऱ्या डिंकाच्या लाडवात खोबरे, खसखस व बदाम एकवटलेले असतात. त्यात पुढाऱ्यांच्या वाढदिवसानिमित्त होणारे वाटप. केळी-सफरचंदांपुरते ते मर्यादित असेल तोवर काळजीचे कारण थोडे; पण बिस्किटांचे पुडे आणि राजगिऱ्याच्या वड्या प्रत्येक खाटेवर ठेवून छायाचित्र काढले जाते, तेव्हा त्या खाटेवरच्या मुलाला दूध किंवा शेंगदाणा चालतो का, हे विचारण्याची रीत त्या समारंभात नसते.

वेष्टनावरील छापील माहितीचा आधारही इथे अपुराच पडतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढील सल्फाइट यांचा उल्लेख बंधनकारक केला. या यादीत तीळ नाही आणि हरभराही नाही. अमेरिकेत मात्र १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जीकारक घटक म्हणून जाहीर करावा लागतो. ज्या प्रांतात संक्रांतीला तीळ आणि एरवी बेसन घरोघरी खाल्ले जाते, तिथे या उणिवेची चर्चा अधिक व्हायला हवी होती. शिवाय ठेकेदाराच्या कढईतून आलेल्या भाजीला वेष्टन नसतेच.

तिसरा आक्षेप ‘पुढे पाठवू’ या दोन शब्दांत सामावलेला आहे, आणि खरा वाद इथेच आहे. शिरूर आणि दौंड ही दोन्ही ठिकाणे पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरच्या पलीकडे आहेत. शिरूरहून निघालेल्या रुग्णवाहिकेला रांजणगाव, शिक्रापूर व वाघोलीची वाहतूक ओलांडायची असते, आणि २०१४ पासून राज्यात सुरू असलेल्या १०८ सेवेच्या गाडीत डॉक्टर असला तरी रस्ता काही आखूड होत नाही. रिचर्ड पम्फ्री यांनी ब्रिटनमधील १९९२ ते १९९८ या काळातील ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास करून २००० साली जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार अन्नामुळे झालेल्या मृत्यूंत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ सुमारे तीस मिनिटांचा होता, आणि अभ्यासलेल्या एकूण मृत्यूंत श्वास किंवा हृदय बंद पडण्यापूर्वी ॲड्रेनालिन मिळाले होते ते केवळ चौदा टक्के रुग्णांना. हे तीस मिनिटांचे माप या रस्त्यावर ठेवून पाहिले, तर अशा रुग्णाच्या बाबतीत तालुक्याचे रुग्णालय वाटेवरचा थांबा राहत नाही. उपचार होणार असेल तर तो तिथेच होणार असतो. मोठ्या शहरात हाकेच्या अंतरावर दुसरे रुग्णालय असते, त्यामुळे जागरूकतेची निकड तिथल्यापेक्षा इथे जास्त, हा उत्तरपक्षाचा मुख्य सिद्धान्त आहे.

यावर असे म्हटले जाते की इंजेक्शन इथेही मिळतेच. मिळते, पण कोणते, हा प्रश्न आहे. अंगावर पित्त उठून आलेल्याला ‘एव्हिल-डेक्सा’ देण्याची, म्हणजे फेनिरामाइन हे हिस्टामिनरोधक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड टोचण्याची पद्धत महाराष्ट्रभर मुरलेली आहे. साध्या गांधींसाठी पहिले औषध उपयोगी पडते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये मात्र सुजत चाललेला घसा मोकळा करणे आणि घसरणारा रक्तदाब सावरणे या दोहोंपैकी एकही काम ही जोडी वेळेत करत नाही, कारण स्टिरॉइडचा परिणाम दिसायलाच काही तास लागतात. ते काम ॲड्रेनालिनचे आहे: एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेली साधी कुपी, वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या मापाने, प्रौढाला जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस स्नायूत. आणि सुधारणा न दिसल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. हृदयावर ताण येईल या भीतीने हे औषध मागे ठेवले जाते. ती भीती प्रामुख्याने चुकीच्या मात्रेत शिरेतून देण्याबाबत रास्त आहे. स्नायूतून योग्य मात्रेत दिलेल्या औषधापेक्षा ते न देण्याचा धोका कितीतरी मोठा असतो.

मनुष्यबळाची सबब तरीही शिल्लक राहते, पण तिचे उत्तर याच व्यवस्थेने आधी देऊन ठेवलेले आहे. लसीकरणाच्या सत्रात ॲनाफिलॅक्सिसचा संच ठेवला जातो, तशी शंका आल्यास आरोग्यसेविकेने वयानुरूप मात्रेचा एक डोस स्नायूत द्यावा अशी तरतूद आहे, आणि १६ जानेवारी २०२१ पासून चाललेल्या कोविड लसीकरणात टोचून घेतलेल्या प्रत्येकाला अर्धा तास बसवून ठेवण्याची शिस्त खेडोपाडी पाळली गेली. जे कौशल्य लसीच्या टेबलापाशी शक्य ठरले, ते वॉर्डात अशक्य का ठरावे? इथे नवे पद किंवा नवे यंत्र लागत नाही. भरतीच्या वेळी ‘ॲलर्जी आहे का’ एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा ‘नाही’ येते. ‘काय खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, घसा आवळतो’ असे विचारले की माहिती मिळते. ती केसपेपरवर लिहून वॉर्डातल्या सिस्टरपर्यंतच थांबता कामा नये. ताट प्रत्यक्ष वाढणाऱ्या मावशीला, आहाराच्या ठेकेदाराला आणि खाटेजवळ बसलेल्या नातेवाइकाला ती कळली पाहिजे, कारण चूक घडते ती या चौघांच्या मधल्या जागेत. एकच पळी दोन पातेल्यांत फिरली तरी पुरते. कुपी, सिरिंज आणि वजनानुसार मात्रेचा तक्ता तातडीच्या ट्रेमध्ये एकत्र ठेवण्याचा खर्च रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून सहज भागण्याइतका किरकोळ आहे.

घरी सोडतानाचा कागद हा या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित दुवा. लक्षणे ओसरल्यावर काही तासांनी ती पुन्हा उसळू शकतात, म्हणून रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवूनच सोडावे लागते. आणि सोडल्यावर त्याची पुढची गाठ केडगाव किंवा तळेगाव ढमढेरे येथील एखाद्या खासगी दवाखान्याशी पडणार असते, जिथे मागचे कागद गेले तरच मागचे निदान पोचते. स्वतःच टोचून घेता येणारी ॲड्रेनालिनची तयार पेने आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहजी मिळत नाहीत, त्यामुळे जवळचे कोणते केंद्र चोवीस तास उघडे असते हेही त्या कागदावर हवे. आणि तिथे नुसते ‘शेंगदाणा वर्ज्य’ लिहून चालत नाही. कूट, चिक्की, उपवासाची खिचडी, सुकी चटणी आणि लग्नाच्या पंगतीतली दाट रस्सा भाजी अशी नावे मराठीत लिहिली, तर घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला कोणता डबा बाजूला ठेवायचा ते कळेल.