दुखतो हात, आणि म्हणे रिपोर्ट नॉर्मल!

आमच्या धंद्यात एक भारी सोय आहे. ग्राहकाने बग कळवला आणि तो आपल्या मशीनवर दिसला नाही, की तिकिटावर 'नॉट रिप्रोड्यूसिबल' असा शेरा मारायचा आणि चहाला जायचं. ग्राहकाच्या सर्व्हरवर पाच हजार लोक एकदम आदळतात आणि आपण मात्र एकटेच लॉगिन करून बघितलेलं असतं, पण ते कोण कबूल करणार?

खानदेशात तबला शिकणाऱ्या पोरांच्या मनगटांचं नेमकं हेच चाललंय. पोरगं म्हणतं हात दुखतो. डॉक्टर हात टेबलावर ठेवायला सांगतात, इकडेतिकडे दाबतात, एक्स-रे काढतात. रिपोर्ट नॉर्मल. तिकीट बंद.

माझा भाचा धुळ्याचा. लहानपणापासून तबला शिकतो. दोन वर्षांपूर्वी दहावीत असताना त्याचं उजवं मनगट दुखायला लागलं, मग अंगठ्याची बाजू, मग रात्री बोटांना मुंग्या. पाच महिन्यांत चार डॉक्टर झाले. पहिल्याने मलम दिलं, दुसऱ्याने पट्टा, तिसऱ्याने ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि चौथ्याने बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, "काही नाही ताई, दहावीचं टेन्शन आहे. मनाचं आहे." चौघांपैकी एकानेही विचारलं नाही, की बाळा, तू रोज किती वाजवतोस आणि कसा बसतोस?

विचारलं असतं तर उत्तर पाच मिनिटांत मिळालं असतं. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. त्यामुळे वर्षभर रोज अर्धा तास वाजवणारा मुलगा परीक्षेच्या दीड महिना आधी एकदम चार तासांवर गेला. वर दहावीच्या वह्या लिहिणं, आणि उरलेला वेळ मोबाईलवर अंगठा. हे अर्ध्या तासावरून चार तासांवर जाणं हेच पुष्कळदा मूळ असतं. स्नायूंना आणि कंडरांना हळूहळू वाढलेला भार झेपतो, एका आठवड्यात आठपट झालेला झेपत नाही. लोड टेस्टिंग न करता दिवाळी सेलला साईट लाईव्ह करण्यासारखं आहे हे.

आणि 'नॉर्मल' म्हणजे काय हो? एक्स-रेत हाडं दिसतात. कंडरा, तिच्यावरचं आवरण, मनगटातून बोगद्यासारख्या वाटेने जाणारी नस, यातलं काहीच त्यात धड दिसत नाही. नसेच्या वहनाची तपासणीसुद्धा सुरुवातीच्या काळात नॉर्मल येऊ शकते. रक्ताच्या तपासण्या जरूर करा, कारण थायरॉईड, बी-12 किंवा सांधेदुखीचा खरा आजारही निघू शकतो. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर संधिवाताच्या डॉक्टरकडेच जायला हवं. पण हे सगळं नॉर्मल आलं म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. फक्त तुम्ही जिथे बघितलंत तिथे ते नाही, एवढंच ठरतं.

डॉक्टरांवरच सगळा राग काढू नये. क्लासमधली मंडळी काय कमी आहेत? तिथे ठरलेलं उत्तर असतं, "हात कच्चा आहे, रियाज वाढव." मग चिल्ल्याच्या कथा सुरू होतात. चाळीस दिवस खोलीत कोंडून घेतलं, बोटांतून रक्त आलं तरी थांबले नाहीत वगैरे. ज्यांचे हात टिकले त्यांच्याच कथा आपल्यापर्यंत पोचतात. ज्यांचे गेले ते आज कुठल्या तरी बँकेत नाहीतर केळीच्या व्यापारात असतील, त्यांना कोण विचारतो?

नव्या बोलाला हात थोडा दुखतो, हे मान्य. पण ते दुखणं एक-दोन दिवसांत जातं. पेन धरताना, दाराची कडी उघडताना किंवा रात्री झोपेत दुखणारा हात ही साधना नव्हे, ती इजा आहे. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर याचं उदाहरण घ्या. 1964 च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप वळायला लागली. हात कमजोर झालाय असं समजून तो आणखी जोरात रियाज करत राहिला, आणि पुढची तीसेक वर्षं मुख्यतः डाव्या हाताने वाजवत आणि वाद्यवृंद चालवत काढली. त्याचा आजार वेगळा, फोकल डिस्टोनिया, पण 'वाढव रियाज' हा सल्ला मात्र सगळीकडे तोच.

बाहेर याचा नीट अभ्यास झालेला आहे. 1986 साली अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांमधल्या 2,212 वादकांची पाहणी झाली, तेव्हा 76 टक्के वादकांनी वाजवण्यावर परिणाम होईल इतका निदान एक तरी शारीरिक त्रास असल्याचं सांगितलं. वादकांच्या आजारांना वाहिलेलं वैद्यकीय नियतकालिकही त्याच साली सुरू झालं. आणि आपल्याकडे? 2004 मध्ये सचिनचं कोपर दुखलं तेव्हा पानटपरीवरच्या माणसालाही 'टेनिस एल्बो' कळला. 2005 च्या मे महिन्यात लंडनला त्याचं ऑपरेशन झालं. "नेट प्रॅक्टिस कमी पडते रे तुझी" असं कुणी त्याला म्हटल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. माझ्यासारख्या दिवसभर माऊस हलवणाऱ्या माणसाला कंपनी खुर्चीची उंची आणि मनगटाखालची उशी यांवर ट्रेनिंग देते. आणि ज्याचं सगळं भवितव्यच मनगटावर आहे, त्याला काय? झंडू बाम!

शेवटी बहिणीने तबल्याची पिशवी उचलली, पारोळा-एरंडोल करत एसटीने जळगाव गाठलं, आणि एका फिजिओथेरपिस्ट बाईंसमोर पोराला वाजवायला बसवलं. बाईंना तबल्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दहा मिनिटांत त्यांनी दाखवलं: चुंबळ जाड, त्यामुळे तबला उंच, त्यामुळे खांदा वर चढलेला आणि मनगट मागे मुडपलेलं. डाव्या हाताने घिस्सा काढताना तळव्याच्या बुडावर सगळ्या शरीराचं वजन. म्हणजे डावा हातही रांगेत उभाच होता! चुंबळ बदलली, बसायला जाड आसन दिलं, वाजवणं दहा-दहा मिनिटांचं केलं. त्या वर्षीची परीक्षा बुडाली. गुण गेले. आज तो सलग पाऊण तास वाजवतो, त्यापुढे अजून दुखतं.

धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जळगावातही 2018 पासून आहे. मला नवीन मशीन नको, नवीन इमारत नको. आठवड्यातून एक दुपार अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत एक सतरंजी टाका आणि पेशंटला सांगा, येताना वाद्य घेऊन ये. तबला असो, हार्मोनियम असो, लग्नाच्या बँडमधला ढोल असो. आणि क्लासवाल्यांनो, परीक्षेच्या फॉर्मवर सही करण्याआधी पोराला एवढंच विचारा, की मागच्या महिन्यात रोज किती वेळ वाजवलंस आणि आता किती वाजवतोयस.