वाफारा नव्हे, व्हेपोरायझर : परदेशातली खरेदी आणि इथला कायदा

दिवाळी फराळाच्या कार्यक्रमात आपल्या मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारले, "हे कन्व्हेक्शन व्हेपोरायझर म्हणजे काय हो? मुलगा जर्मनीत असतो. म्हणतो, बाबा, तुमच्या कंबरदुखीवर बरे पडेल, येताना घेऊन येऊ का?" सर्दी झाली की आपण वाफारा घेतो ते भांडे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मुलगा मात्र वाळलेली वनस्पती, म्हणजे सरळ सांगायचे तर गांजा, तापवून त्याची वाफ ओढण्याच्या यंत्राबद्दल बोलत होता.

मुले परदेशात असलेल्या आपल्यापैकी अनेक घरांत हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे, म्हणून थोडे सविस्तर.

आधी यंत्र समजून घेऊ. विडी किंवा चिलीम पेटवली की निखाऱ्याचे तापमान आठशे-नऊशे अंशांपर्यंत जाते. वनस्पती जळते आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड व डांबर फुप्फुसांत जाते. व्हेपोरायझर वनस्पतीला साधारण १६० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंतच तापवतो. त्यामुळे ती पेटत नाही, तिच्यातली द्रव्ये फक्त वाफेच्या रूपात बाहेर पडतात.

तापवण्याच्या दोन रीती आहेत. शाळेत आपण उष्णतेचे वहन आणि अभिसरण शिकलो, तेच इथे आहे. वहनाच्या, म्हणजे कंडक्शनच्या यंत्रात वनस्पती गरम भिंतीला टेकलेली असते. तव्यावर दाणे भाजताना टेकलेली बाजू करपते आणि वरची कच्ची राहते, तसेच इथे होते. मधून मधून ढवळावे लागते आणि झुरका घेत नसतानाही माल तापतच राहतो. अभिसरणाच्या, म्हणजे कन्व्हेक्शनच्या यंत्रात एअर फ्रायरसारखी गरम हवा वनस्पतीमधून जाते. उष्णता सगळीकडे सारखी लागते आणि मुख्यतः ओढतानाच लागते. हवा झटपट तापवायची असल्याने विजेची गरज जास्त, म्हणून ही यंत्रे सहसा आकाराने मोठी आणि महाग असतात. काही यंत्रांत दोन्ही रीती एकत्र असतात.

हा व्यवहार जर्मनीत चोरीछुपे चालत नाही. टुटलिंगेन या शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातली स्टॉर्त्स उंड बिकेल ही कंपनी 'व्होल्कॅनो' हे टेबलावरचे आणि 'मायटी' हे हातात मावणारे यंत्र बनवते. दोन्हींच्या वैद्यकीय आवृत्त्या रुग्णांसाठी प्रमाणित आहेत. तिथे २०१७ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधी गांजा मिळतो. १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना बाहेर २५ ग्रॅम व घरी ५० ग्रॅमपर्यंत बाळगण्याची आणि तीन रोपे लावण्याची मुभा आहे. कॅनडात तर ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी तो कायदेशीर आहे.

तेव्हा तिथे राहणारा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरणारा कोणी यंत्र निवडत असेल, तर त्याने काय पाहावे? तापमान अंशांत ठरवता येते का. हवेचा मार्ग स्टील, काच किंवा सिरॅमिकचा आहे का, की गरम हवा प्लास्टिकवरून जाते. बॅटरी बदलता येते का. सुटे भाग काढून नीट धुता येतात का. आणि वैद्यकीय उपकरण म्हणून प्रमाणपत्र आहे का. ही पाच उत्तरे मिळाली की जाहिरातीतले बाकीचे शब्द सोडून दिले तरी चालतात.

पण 'धूर नाही' म्हणजे 'अपाय नाही' असे नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी २००७ मध्ये १८ निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात व्हेपोरायझर वापरल्यावर उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड धूम्रपानापेक्षा खूपच कमी आढळला. ही बाजू खरी आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या २०१८ च्या अभ्यासात मात्र क्वचितच गांजा घेणाऱ्या १७ प्रौढांना तेवढीच मात्रा दोन्ही प्रकारे दिली, तेव्हा वाफेतून घेतल्यावर रक्तातले मादक द्रव्य आणि नशा, दोन्ही जास्त निघाले. यंत्र चांगले म्हणजे मात्रा जास्त पोचते, हा त्याचा सरळ अर्थ. आधीच रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला चक्कर येऊन तो पडला, तर कंबरदुखी परवडली असे म्हणायची पाळी येईल.

आता आपल्याकडचा कायदा. २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याचे नाव ऐकून वाटते की तो निकोटिनपुरता आहे. तसे नाही. निकोटिन असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, मग त्याचे नाव आणि आकार काहीही असो, त्याच्या व्याख्येत येते. न जाळता तापवणाऱ्या उत्पादनांचा तर स्पष्ट उल्लेख आहे. अपवाद आहे तो औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेल्या उत्पादनांचा. परदेशातले वैद्यकीय प्रमाणपत्र हा तो परवाना नव्हे. आयात आणि विक्रीवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'घरच्या वापरासाठी आणले' अशी सवलत कायद्यात लिहिलेली नाही.

दुसरा कायदा १९८५ चा, अमली पदार्थांचा. त्यात झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. किलोच्या आत असला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वापरलेल्या यंत्रात राळेसारखा अवशेष चिकटून राहतो, हे सामान भरताना विसरू नये.

इथे इंदूर-उज्जैनकडची मंडळी हमखास विचारतील, "मग महाकालाला भांगेचा शृंगार होतो, सरकारमान्य दुकानात भांग मिळते, ते कसे?" उत्तर त्याच कायद्यात आहे. फुलोऱ्याशिवायची पाने गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून भांगेचे नियमन राज्ये आपापल्या अबकारी नियमांनी करतात. आयुर्वेदातही भांग, म्हणजे विजया, वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. म्हणजे आपल्या परंपरेने या वनस्पतीला ओळखले, पण मोकळे सोडले नाही.

परदेशातल्या मुलांनाही एक गोष्ट सांगावी. जर्मनीत मुभा असली तरी गाडी चालवताना ती संपते. ऑगस्ट २०२४ पासून रक्तातल्या मादक द्रव्याची मर्यादा ठरलेली आहे, आणि २१ वर्षांखालच्या व नव्या परवानाधारकांना तर पूर्ण मनाई आहे.

त्या सभासदांना मी एवढेच म्हटले, "मुलाला सांगा, यंत्र आणू नकोस, सुट्टी जास्त घेऊन ये." कंबरदुखीसाठी त्यांनी आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि व्यायाम शिकून घ्यावा. विजयायुक्त औषधाची गरज वाटलीच, तर नोंदणीकृत वैद्य आहेत. मुलाच्या मनात वडिलांचे दुखणे कमी व्हावे एवढेच होते, हे आपण समजून घेतले पाहिजे. त्याला रागावू नये. पण हे सगळे विमानात बसण्याआधी फोनवर बोलून घ्यावे, कारण विमानतळावर बॅग उघडली की प्रेमाचा खुलासा कोणी ऐकत नाही.