पेढी तीच, मुनीम नवा



दिवाळीचे वहीपूजन आटोपल्यावर गिरगावातील माझे एक जुने स्नेही, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, आयुष्यभर तुम्ही लोकांचे कर्जप्रस्ताव तपासलेत. आता एक आमच्या घरातला तपासा." त्यांनी एक दरपत्रक माझ्या हाती ठेवले. नव्या संगणकाची किंमत त्यात एक लाख अडतीस हजार रुपये लिहिली होती. मागणी नातवाची होती.

अण्णांची लालबागला दागिन्यांची पेढी आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असलेला नातू गेली तीन वर्षे तिथे बसतो. गिऱ्हाइकाने अंगठी किंवा बांगडी सांगितली की तो घरच्या संगणकावर तिची त्रिमितीय आकृती रचतो, तिच्यावर सोन्याची झळाळी आणि खड्यांचा प्रकाश चढवतो आणि घडणावळ सुरू होण्यापूर्वीच दागिना कसा दिसेल ते चित्रात दाखवतो. पेढीच्या जाहिरातीच्या छोट्या चित्रफितीही तोच जोडतो. रात्री मात्र त्याच संगणकावर तो खेळतो. अण्णा नऊला घरी येतात, तेव्हा त्यांच्या दृष्टीस खेळच पडतो. त्यामुळे त्यांचा एकच प्रश्न होता: "खेळण्यासाठी दीड लाख?" नातवाचे म्हणणे असे की एका अंगठीचे चित्र तयार व्हायला बेचाळीस मिनिटे लागतात आणि गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या दुकानात जाते. दोघांचेही म्हणणे खरे होते. म्हणूनच घरात आठवडाभर अबोला होता.

बँकेत असताना नव्या यंत्रासाठी कर्ज मागणाऱ्या कारखानदाराला मी पहिला प्रश्न विचारीत असे: जुने यंत्र नेमके कुठे अडते? उत्तर देता आले नाही तर कर्ज थांबे. नातवालाही मी तेच विचारले. तो म्हणाला, "काका, सगळेच हळू चालते." हे उत्तर पुरेसे नव्हते. मग आम्ही संगणकासमोर बसलो.

संगणकाची अंतर्गत व्यवस्था आपल्या पेढीसारखीच असते. प्रोसेसर हा मुनीम. सारे हिशेब त्याच्या हातून जातात. रॅम म्हणजे त्याच्यापुढची बैठक, जिच्यावर चालू कामाच्या वह्या पसरलेल्या असतात. एसएसडी ही वखार. ग्राफिक्स कार्ड हा चित्रे काढणारा कारागीर, आणि मदरबोर्ड ही जागा, जिथे हे सारे बसतात. काम रखडले तर दोष यांपैकी कोणाचाही असू शकतो. बैठक अपुरी असताना मुनीम बदलला तर काहीच साधत नाही.

हा दोष शोधण्यासाठी पैसे पडत नाहीत. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून ठेवावा आणि नेहमीचे काम सुरू करावे. अंगठीचे चित्र तयार होत असताना प्रोसेसरचे सहाही कोअर, म्हणजे बारा थ्रेड, पूर्ण क्षमतेने राबत होते. सोळा जीबी रॅमपैकी अकराच वापरात होती. म्हणजे बैठक पुरेशी, वखार पुरेशी, मुनीम थकलेला. मग त्याने नगर वसवण्याचा 'सिटीज: स्कायलाइन्स' हा खेळ लावला. तिथे ग्राफिक्स कार्ड साठ टक्क्यांवर होते, आणि प्रोसेसरचा एकूण आकडाही फार मोठा दिसत नव्हता. इथे अनेकजण फसतात. बारा थ्रेडपैकी एकच पूर्ण दमला असेल, तर एकूण आकड्यात तो जेमतेम आठ टक्के दिसतो. पण खेळ त्या एकासाठीच खोळंबतो. म्हणून प्रत्येक थ्रेडचा आलेख वेगळा पाहावा. मोटारींच्या शर्यतीच्या खेळात मात्र ग्राफिक्स कार्डच अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर होते. त्या खेळाला नव्या प्रोसेसरचा फारसा उपयोग होणार नव्हता, हे मी नातवाला तिथेच सांगितले आणि त्याने ते मान्य केले.

आता जुन्या जागेत नवा मुनीम बसतो का, हा प्रश्न. अण्णांच्या घरचा संगणक २०१८ च्या आरंभी घेतलेला. त्यात एएमडी कंपनीचा रायझन ५ १६०० हा प्रोसेसर आणि बी३५० जातीचा मदरबोर्ड. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. या सॉकेटचे नाव एएम४. रायझन प्रोसेसर २०१७ साली याच सॉकेटवर आले, आणि पुढे २०२० च्या अखेरीस आलेली ५००० ही मालिकाही त्याच सॉकेटवर बसते. बी३५० सारख्या आरंभीच्या मदरबोर्डांना या मालिकेसाठी कंपनीची अधिकृत मान्यता २०२२ मध्ये मिळाली. प्रत्येकाच्या नशिबी हे नसते. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरांचे सॉकेट एकाच नावाचे असूनही सातव्या पिढीचा बोर्ड आठव्या पिढीला अधिकृतपणे चालत नाही. म्हणून आपल्या मदरबोर्डाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे आणि निर्मात्याने दिलेल्या यादीत हवा तो प्रोसेसर आहे का, हे आधी पाहावे. दुकानदाराचे "चालेल, चालेल" हे या यादीला पर्याय नव्हे.

निवड करताना तीन नावे पुढे आली. रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोअर. किंमत कमी, खेळाला चांगला, पण चित्र तयार करण्याच्या कामात कोअरची संख्या वाढत नाही. रायझन ७ ५७००एक्स३डी मध्ये आठ कोअर आणि तब्बल ९६ एमबी कॅश. खेळाला उत्तम, पण त्याची कमाल गती ४.१ गिगाहर्ट्झ. रायझन ७ ५७००एक्स मध्ये आठ कोअर, सोळा थ्रेड, ३२ एमबी कॅश आणि ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत गती. ज्याचा दिवस कामाचा आणि रात्र खेळाची, त्याला हा तिसरा योग्य. शिवाय याची वीज-मर्यादा जुन्याइतकीच, ६५ वॅट. म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा तोच, आणि जुन्या प्रोसेसरबरोबर आलेला पंखाही तोच. बारा-सोळा कोअरचे प्रोसेसरही या सॉकेटवर बसतात, परंतु त्यांची भूक १०५ वॅटची. स्वस्त बोर्ड त्या भाराने तापतो.

संपूर्ण नवा संगणक घेतला असता तर नवा एएम५ सॉकेट, त्याला नवा बोर्ड आणि डीडीआर५ जातीची रॅमही नव्याने घ्यावी लागली असती. जुनी डीडीआर४ रॅम त्यात बसतच नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव तर झपाट्याने चढले.

आणखी एक कारण होते. विंडोज १० साठी मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा-मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ च्या मान्य यादीत रायझन ५ १६०० नाही, ५७००एक्स आहे. ज्या संगणकावर पेढीच्या गिऱ्हाइकांची नावे आणि नमुने आहेत, तो सुरक्षेविना चालवणे बरे नव्हे.

खरेदीला नातू आणि मी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर गेलो. पाटी बदलून किती वर्षे झाली, तरी १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचेच नाव मुंबईकरांच्या तोंडी आहे. प्रोसेसरचा त्या दिवशीचा भाव करासह १५,५०० रुपये. शहरातल्या एका विक्रेत्याने फोनवर बिलाशिवाय कमी किंमत सांगितली होती. आम्ही खोकाबंद माल आणि पक्के बिल घेतले. तीन वर्षांची वॉरंटी त्या बिलावरच उभी असते. करचुकवेगिरीत आपण भागीदार होतो, ही बाब निराळी.

बसवण्याआधीची तयारी क्रमाने सांगतो, कारण चूक इथेच होते.

पहिले, हिशेब, नमुने आणि छायाचित्रे यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. ते कुलूप ज्या चिपच्या आधारे उघडते ती व्यवस्था अनेकदा प्रोसेसरमध्येच असते, आणि प्रोसेसर बदलताच संगणक ती की मागतो.

दुसरे, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच मदरबोर्डाचे बायोस अद्ययावत करावे. नव्या मुनिमाची ओळख पेढीला आधी करून द्यायची असते. आधी प्रोसेसर बदलला तर पडदा काळाच राहतो आणि माणूस नवा माल खराब समजतो. बायोस बदलत असताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवर करावे.

तिसरे, पंखा काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून गरम करावा. मधली औष्णिक पेस्ट थंडीत घट्ट होते, आणि पंखा सरळ ओढला तर जुना प्रोसेसर त्याला चिकटून खोबणीतून उपटून येतो. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला तेराशेहून अधिक नाजूक पिना असतात. संगणक बंद करून, वायर काढून, पंखा हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. नवा प्रोसेसर बसवताना त्याच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण खोबणीच्या त्रिकोणाशी जुळवावा. तो आपल्या वजनाने बसतो, दाबावा लागत नाही. जुनी पेस्ट पुसून नवी लावावी. ज्यांचा हात या कामाला बसलेला नाही त्यांनी तंत्रज्ञ बोलवावा. आम्हीही बोलावला.

एकूण खर्च असा झाला: प्रोसेसर १५,५००, पेस्ट ४००, तंत्रज्ञ ८००; एकंदर १६,७००. जुना प्रोसेसर २,००० रुपयांना विकला गेला, तेव्हा निव्वळ १४,७००. हे आमचे त्या दिवशीचे आकडे आहेत, या बाजारात भाव आठवड्याला हलतात. अंगठीचे तेच चित्र आता बावीस मिनिटांत होते. नगर वसवण्याचा खेळ अडखळायचा थांबला. मोटारींच्या शर्यतीत विशेष फरक पडला नाही.

आता खरी गोष्ट. बिल हाती येताच अण्णा म्हणाले, "पेढीच्या नावावर घेऊ. अठरा टक्के जीएसटीची वजावट मिळेल." आकडा लहान होता, सुमारे २,३६४ रुपये. व्यापारी मनाला ही सूचना साहजिक आहे, आणि अण्णा काही लबाड गृहस्थ नव्हेत. पण नातू म्हणाला, "आजोबा, रात्री मी यावर खेळतो. मग हे सगळे पेढीचे कसे?"

अण्णा माझ्याकडे पाहू लागले. मी नियम सांगितला. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वस्तू काही अंशी धंद्यासाठी आणि काही अंशी अन्य कारणासाठी वापरली, तर वजावट धंद्याच्या हिश्श्यापुरतीच मिळते. खासगी उपभोगासाठी ती मिळतच नाही. वापराची नोंद ठेवून तेवढा हिस्सा घेता येईल, तो आपल्या सनदी लेखापालांकडून ठरवून घ्यावा. अण्णांनी थोडा विचार केला आणि बिल घराच्या नावावर करायला सांगितले. "वजावट नको," ते म्हणाले. पुढे नातवाला म्हणाले, "आठवडाभर मला वाटत होते की तू कामाचे निमित्त करून खेळणे मागतोस." आठवड्यानंतर दोघे एका ताटाशी जेवायला बसले, असे नातसुनेने नंतर मला सांगितले.

खेळाबद्दल अण्णांची एक अट राहिली: ज्यात मारणे हाच आनंद आहे, तो खेळ घरात नको. नातू म्हणाला, "पडद्यावर कोण मरते, आजोबा?" त्यावर अण्णांनी त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी संस्कृतात आणि तेराव्या शतकात जन्न कवीने कन्नडमध्ये सांगितलेली ही कथा अनेक घरांत आजीच्या तोंडून ऐकलेली असते. आईच्या आग्रहाखातर राजाने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. रक्त सांडले नाही. पण मारण्याचा संकल्प झाला होता, आणि त्याची फळे मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत भोगावी लागली. पडद्यावरच्या खेळाला ही कथा कितपत लागू होते, यावर दोघांची चर्चा अजून चालू आहे. मी त्यात निवाडा दिलेला नाही. तूर्त नगरे वसतात आणि मोटारी धावतात.

परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या घरांनाही नवी वस्तू वर्ज्य नाही. आपली गरज किती, हे आधी ठरवणे एवढेच त्या व्रताचे मागणे आहे. आठ वर्षांचा डबा, बोर्ड, रॅम, पंखा सारे कामाचे असताना एका अडलेल्या भागासाठी ते कचऱ्यात घालणे, हा खर्चही आहे आणि दोषही. जे खरोखर निकामी झाले असेल ते भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे.

आपल्या घरात असे दरपत्रक आले तर रकमेवरून वाद घालण्यापूर्वी मुलाबरोबर अर्धा तास संगणकासमोर बसावे आणि काय अडते ते पाहावे. अण्णांचे एक लाख तेवीस हजार रुपये त्या अर्ध्या तासात वाचले.

जय जिनेंद्र.