फुकटचे उत्तर, पण ताळा आपलाच!



जमीन मोजणी म्हटलं की आपल्याला बांध, हद्दीची खूण आणि भावाभावांतली कोर्टकचेरी आठवते. पण कोणतीही मोठी मोजणी बांधापासून सुरू होत नाही. ती सुरू होते नियंत्रण बिंदूंपासून. नियंत्रण बिंदू म्हणजे जमिनीत पक्की रोवलेली, अचूक स्थान ठाऊक असलेली खूण. रस्ता, कालवा, गावठाण यांची पुढची सगळी मापे अशा बिंदूंच्या जाळ्यावर उभी असतात. पायाच चुकला तर वरचे सगळे चुकते.

आज हे बिंदू ठरवायला इंटरनेटवर मोफत सेवा मिळतात. ऑस्ट्रेलिया सरकारची 'ऑसपॉस' आणि कॅनडा सरकारची 'सीएसआरएस-पीपीपी' जगात कुठल्याही ठिकाणासाठी चालतात. अमेरिकेची 'ओपस' मुख्यतः तिथल्या भूभागासाठी आहे. दोन फ्रिक्वेन्सींचा जीपीएस रिसीव्हर बिंदूवर दोन-तीन तास स्थिर ठेवायचा, त्याची फाइल 'राइनेक्स' स्वरूपात पाठवायची, की अहवाल ईमेलने येतो. ऑसपॉस आपल्या फाइलची सांगड आजूबाजूच्या कायमस्वरूपी जीपीएस केंद्रांशी घालते, तर कॅनडाची सेवा उपग्रहांच्या अचूक कक्षा आणि घड्याळांच्या दुरुस्त्या वापरते. चांगल्या नोंदीतून सेंटिमीटरच्या पातळीवरचे उत्तर मिळते, तेही एक पैसा न मोजता!

माझे मत असे की, डिप्लोमा आणि आयटीआयच्या सर्व्हे कॅम्पमध्ये या सेवा शिकवल्याच पाहिजेत. पण नुसते बटण दाबायला नव्हे, आलेल्या उत्तराचा ताळा करायला शिकवले पाहिजे. कारण हा अहवाल इतका नीटनेटका दिसतो की त्यावर शंका घ्यावीशीच वाटत नाही. खरा धोका तिथेच आहे.

समजा, अँटेनाची उंची १.७ मीटर आहे आणि विद्यार्थ्याने १.५ भरली. सेवेला ते कसे कळणार? बिंदूची उंची सरळ २० सेंटिमीटर चुकते आणि अहवाल मात्र तितकाच सुबक येतो. ट्रायपॉड भलत्याच खुणेवर लावला तरी तेच.

दुसरी गोष्ट उंचीची. जीपीएस मूळात उंची देते ती एका गणिती पृष्ठापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. महाराष्ट्रात या दोहोंत पन्नास मीटरहून जास्त फरक आहे. म्हणून मुंबईच्या चौपाटीवर उंची चक्क उणे दिसते. हे न समजता कालव्याचा उतार काढायला बसलात तर काय होईल, विचार करा!

तिसरी गोष्ट तारखेची. भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. जागतिक चौकटीतले निर्देशक त्यामुळे दहा वर्षांत अर्धा मीटर बदलतात. म्हणून निर्देशकांशेजारी चौकट आणि तारीख लिहिलीच पाहिजे. नाहीतर जुने आणि नवे बिंदू एकाच नकाशावर मांडून भांडण ओढवून घ्याल.

मग ताळा कसा करायचा? दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड नव्याने लावून, अँटेनाची उंची बदलून पुन्हा नोंद घ्या. तीच फाइल दुसऱ्या सेवेकडे पाठवून पाहा, पण लक्षात ठेवा, उंची चुकीची भरली असेल तर दोन्ही सेवा मिळून तीच चूक सांगतील. शेवटी टोटल स्टेशनने दोन बिंदूंमधले अंतर मोजा आणि निर्देशकांवरून तेच अंतर काढा. इथे दहावीच्या निर्देशक भूमितीतले अंतराचे सूत्र कामाला येते. 'सर, याचा उपयोग काय?' असे विचारणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगले उत्तर नाही! एक सावधगिरी मात्र हवी. यूटीएम नकाशाच्या मध्यरेखेजवळ १ किलोमीटरला सुमारे ४० सेंटिमीटर अंतर कमी भरते. ती यंत्राची चूक नसून गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची किंमत आहे. आधी ती दुरुस्ती करा, मग तुलना.

ही शिस्त काही नवी नाही. १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने आधाररेषा मोजून लॅम्बटन यांनी त्रिकोणांचे जाळे विणायला घेतले. तेव्हाही मजल दरमजल नवी आधाररेषा मोजून गणिताची पडताळणी होत असे. ते काम करता करताच १८२३ मध्ये त्यांचे वर्ध्याजवळ हिंगणघाटला निधन झाले.

पालकांनाही एक सांगतो. शेताची अधिकृत मोजणी भूमी अभिलेख खात्यामार्फत होते. घरी आलेला ईमेल दाखवून कुणाचा बांध हलवता येत नाही. पण तुमची मुलगी किंवा मुलगा उद्या याच क्षेत्रात काम करणार असेल, तर त्याच्या सहीवर कुणाची तरी जमीन अवलंबून असेल. तेव्हा कॅम्पहून परतल्यावर 'उत्तर किती आलं?' असे विचारू नका. 'ताळा जमला का?' असे विचारा.