विश्लेषण : एसएसडी महागली, मग गेमिंग कॉम्प्युटरसाठी नेमकी कोणती घ्यायची?

३ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीने एक घोषणा केली आणि स्वतः कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्यांमध्ये खळबळ उडाली. सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणारा ‘क्रुशियल’ हा जवळपास तीन दशके जुना व्यवसाय बंद करण्याचा निर्णय कंपनीने घेतला. विकलेल्या मालाची वॉरंटी कायम राहील, मात्र ग्राहकांसाठीचा पुरवठा फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंतच होईल, असे तेव्हा सांगण्यात आले. त्याच सुमारास एसएसडीच्या किमतीही चढू लागल्या होत्या. त्यामुळे जुनी हार्ड डिस्क बदलण्याचा विचार करणाऱ्या गेमर्सपुढे प्रश्न उभा राहिला, की वाढलेल्या किमतीत नेमके काय घ्यायचे?

किमती का वाढल्या?

एसएसडीमध्ये ‘नँड फ्लॅश’ नावाच्या चिप असतात. सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन अशा मोजक्याच कंपन्यांच्या हाती त्यांचे बहुतांश उत्पादन आहे. २०२३ मध्ये मागणी घटून भाव कोसळले, तेव्हा कंपन्यांनी उत्पादनाला कात्री लावली. पुढे एआयसाठी डेटा सेंटर उभारण्याची शर्यत लागली आणि तिथून मोठी मागणी आली. घाऊक खरेदी करणाऱ्या या ग्राहकांना कंपन्या आधी माल देणार, हे उघड आहे. क्रुशियल बंद करताना मायक्रॉननेही एआयमुळे वाढलेल्या मागणीचेच कारण दिले. भारतात आणखी एक भर पडली. डिसेंबर २०२५ मध्येच डॉलरने पहिल्यांदा ९० रुपयांची पातळी ओलांडली.

हार्ड डिस्कवर भागणार नाही का?

जुन्या गेमसाठी भागेल, नव्या गेमसाठी अवघड आहे. ‘स्टारफील्ड’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ मधील गेमच्या किमान गरजांमध्येच एसएसडी आहे. ‘सायबरपंक २०७७’नेही त्याच वर्षी हार्ड डिस्कचा अधिकृत सपोर्ट काढून घेतला.

यामागचे कारण तांत्रिक आहे. गेम सुरू होताना नकाशे, आवाज, पात्रे अशा हजारो लहान-मोठ्या फाइल वाचाव्या लागतात. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि प्रत्येक फाइलसाठी हेडला जागा बदलावी लागते. त्यात दर वेळी साधारण १० मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारा एकही भाग नसल्याने हेच काम शंभरपटीहून अधिक वेगाने होते.

जितकी महाग, तितकी वेगवान?

खोक्यावरच्या आकड्यांनुसार तसेच वाटते. हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते २०० एमबी वाचते, तर सॅटा एसएसडी सुमारे ५५०. एनव्हीएमई प्रकारात जेन ३ सुमारे ३,५००, जेन ४ सुमारे ७,००० आणि जेन ५ तर १०,०००च्याही पुढे जाते.

प्रत्यक्ष खेळताना मात्र चित्र वेगळे असते. हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर गेल्यास मिनिटभराचे लोडिंग काही सेकंदांवर येऊ शकते. पण सॅटावरून जेन ४वर गेल्यास बहुतेक गेममध्ये आणखी मोजके सेकंदच वाचतात. कारण वाचलेला डेटा कॉम्प्रेस केलेला असतो आणि तो उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो. ड्राइव्ह कितीही वेगवान असली तरी प्रोसेसर त्याच्याच गतीने चालतो. ही अडचण सोडवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘डायरेक्टस्टोरेज’ हे तंत्रज्ञान आणले, पण ते वापरणारे गेम अजून थोडेच आहेत.

दुसरा गैरसमज एफपीएसबद्दलचा आहे. एसएसडीमुळे एफपीएस वाढत नाहीत, ते काम ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचे. हार्ड डिस्कमुळे मध्येच गेम अडखळत असेल, तर तेवढे थांबू शकते.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

* स्लॉट : मदरबोर्डवर एम.२ स्लॉट आहे का ते पाहावे. असल्यास तो सॅटा चालवतो, एनव्हीएमई चालवतो की दोन्ही, हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. स्लॉट नसल्यास २.५ इंची सॅटा एसएसडी हा सोपा पर्याय आहे.
* जनरेशन : जेन ३ स्लॉटमध्ये जेन ४ ड्राइव्ह चालते, पण जेन ३च्याच वेगाने. अशा वेळी जास्तीच्या वेगाचे पैसे वाया जातात.
* क्षमता : ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी, तर ‘स्टारफील्ड’ला १२५ जीबी जागा लागते. विंडोज धरून ५०० जीबी लवकर भरते. १ टीबीची ड्राइव्हही विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते.
* बिल आणि वॉरंटी : लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, भाव वाढलेले असताना संशयास्पद स्वस्त माल टाळावा आणि जीएसटीचे बिल घ्यावे.

जुनी ड्राइव्ह क्लोन करणार असाल तर आधी बॅकअप घ्यावा आणि बिटलॉकर सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की जपून ठेवावी. विंडोज आणि रोज खेळले जाणारे गेम एसएसडीवर, तर जुने गेम, फोटो, व्हिडिओ हार्ड डिस्कवर ठेवता येतात.

थोडक्यात, बजेट मर्यादित असेल तर ५०० जीबीच्या जेन ५पेक्षा १ टीबीची जेन ३ किंवा जेन ४ ड्राइव्ह अधिक उपयोगी पडेल. आणि कॉम्प्युटरमध्ये आधीच चांगली सॅटा एसएसडी असेल, तर केवळ लोडिंगच्या वेगासाठी या भावात ती बदलण्याची घाई करण्याचे कारण नाही.